धर्म न बदलता लग्न लावून देणारी सरकारी खिडकी, आणि तिच्या आड येणारी आमदारांची भाषणं

सेवा: विशेष विवाह अधिनियम, 1954 नुसार नोंदणी पद्धतीने लग्न
ठिकाण: मराठवाड्यातली जिल्हा पातळीवरची विवाह अधिकारी कार्यालयं (नोंदणी व मुद्रांक विभाग)
गुण: कायद्याला पाचपैकी चार, खिडकीवरच्या कामाला तीन, या विषयावर सभा गाजवणाऱ्या लोकप्रतिनिधींना शून्य

हा कायदा 1 जानेवारी 1955 पासून लागू आहे. नवरा हिंदू, नवरी मुसलमान असो, की नवरा ख्रिस्ती आणि नवरी बौद्ध, कोणालाही आपला धर्म सोडावा लागत नाही. भटजी, काझी, पाद्री कोणी लागत नाही. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांचा कायदेशीर पती आणि पत्नी म्हणून स्वीकार केला, नोंदवहीत सह्या केल्या, की लग्न झालं. लग्नासाठी कोणी धर्म बदलू नये असं ज्या आमदारांना मनापासून वाटतं, त्यांनी आपल्या मतदारसंघात या खिडकीचा पत्ता वाटत फिरायला हवं. प्रत्यक्षात त्यांची भाषणं हीच वाट अवघड करतात, म्हणून सेवेच्या परीक्षणात त्यांचाही हिशेब घ्यावा लागतो.

आधी कामाचं बोलू.

सर्वात जास्त हेलपाटे पडतात ते चुकीच्या कार्यालयात गेल्याने. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत जी विवाह नोंदणी होते, ती आधी झालेल्या लग्नाची. तिथे बसतो तो विवाह निबंधक. गावात हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे असतं. तो लग्न लावत नाही, लागलेल्या लग्नाची नोंद घेतो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावणारा तो विवाह अधिकारी, आणि तो नोंदणी व मुद्रांक विभागाचा, म्हणजे जिथे जमिनीचे दस्त नोंदवतात त्या खात्याचा. किनवटहून नांदेडला, उमरग्याहून धाराशिवला किंवा आष्टीहून बीडला जायचं, तर एक अख्खा दिवस आणि तीन साक्षीदारांची मजुरी बुडते. त्यामुळे कोणती खिडकी हे घरूनच पक्कं करून निघा.

दुसरा गोंधळ हा कायदा कोणाला लागतो याचा. मराठा आणि बौद्ध, लिंगायत आणि मातंग, अशा जोडप्यांना त्याची सक्ती नाही. हिंदू विवाह कायद्यात बौद्ध, जैन, शीख हे सगळे येतात, त्यामुळे ते विधी करून स्थानिक नोंदणी करू शकतात. हिंदू आणि मुसलमान अशा जोडप्यांना मात्र धर्म राखून लग्न करायचं तर हाच रस्ता आहे.

चौथ्या कलमातल्या अटी मोजक्या आहेत. दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा. संमती देण्याइतकी मनाची स्थिती असावी. मुलगा 21 वर्षांचा, मुलगी 18 वर्षांची पूर्ण असावी. निषिद्ध नात्यातले नसावेत. एवढंच. आईवडिलांची संमती या यादीत नाही, जात नाही, धर्म नाही. लग्न करायचा इरादा विवाह अधिकाऱ्याला आधी लेखी कळवावा लागतो, तीच नोटीस, आणि ती कार्यालयाच्या फलकावर लागते. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत या नोटिशीचा जो नमुना दिलाय त्यात नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण आणि राहण्याचा काळ असे रकाने आहेत. धर्माचा रकाना नाही. 1954 साली कायदा करणाऱ्या खासदारांनी तो ठेवला नाही, ही गोष्ट आजच्या लोकप्रतिनिधींनी एकदा तरी नमुना उघडून पाहावी.

कागदपत्रांत आपल्याकडे नेमकं काय अडतं? जन्मतारीख. खेड्यात घरी झालेल्या बाळंतपणांच्या नोंदी नव्हत्या, शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकली, आणि आधार काढताना भलतीच तारीख पडली. अशा जोडप्यांची पहिली फेरी हमखास वाया जाते. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार या तिन्हींवर एकच तारीख आहे का ते नोटिशीच्या दोन महिने आधी पाहा. नसेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, कारण शाळेच्या दाखल्यातली तारीख बदलणं त्याहून कितीतरी अवघड. वडिलांच्या नावाचं आणि आडनावाचंही तेच: शेख आणि शेक, पवार आणि पवाँर. घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. पासपोर्ट फोटो भरपूर ठेवा. जुन्या कागदांवर औरंगाबाद, उस्मानाबाद आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव असणार. जिल्हा तोच आहे, पण अर्ज भरताना सगळीकडे एकच नाव लिहा.

रहिवासाची अट पाचव्या कलमात आहे. नोटीस देण्याच्या लगेच आधीचे किमान 30 दिवस दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं. दोघांनी नव्हे, एकाने. ही गोष्ट खिडकीवर बरेचदा उलटी सांगितली जाते. पुण्यात चाकणला किंवा हिंजवडीत नोकरी करणाऱ्या परभणीच्या मुलाने नोंदणीकृत भाडेकरार दाखवून पुण्यात नोटीस दिली तरी चालते. मात्र सहावं कलम नीट वाचा: कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. पुण्यात गेलो म्हणजे गावाला कळणार नाही, या भरवशावर राहू नका.

आता तारखांचं गणित, कारण यात फार जण चुकतात. लग्नाला कोणाचा आक्षेप असेल तर तो घ्यायला 30 दिवस असतात, तोवर लग्न लागत नाही. हे 30 दिवस मोजायचे ते नोटीस फलकावर प्रसिद्ध झाल्यापासून. नोटीस रद्द होण्याचे तीन महिने मोजायचे ते नोटीस दिल्यापासून. समजा नोटीस 1 डिसेंबरला दिली आणि फलकावर 5 डिसेंबरला लागली. मग लग्न 5 जानेवारीपासून पुढे लावता येईल, आणि फेब्रुवारी संपायच्या आत लावावं लागेल. कार्यालयाने फलकावर लावायला जितके दिवस घालवले तितके तुमच्या हातातले गेले. म्हणून नोटीस देताना पोच घ्या आणि ती फलकावर कोणत्या तारखेला लागली ते दोन दिवसांनी जाऊन पाहा. बीड, जालन्यातून ऊसतोडीला गेलेल्यांना हे तीन महिने नेमके हंगामात सापडतात. कोयता कारखान्यावर, नोटीस जिल्ह्याच्या फलकावर, आणि मुकादम सुट्टी देत नाही. चौथा महिना लागला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. अशांनी नोटीस पट्टा पडल्यावर, म्हणजे माघारी आल्यानंतरच द्यावी. गावी परतून 30 दिवस झाल्यावर दिली तर रहिवासावरही कोणी बोट ठेवत नाही.

अर्ज विभागाच्या संकेतस्थळावर भरता येतो आणि ती सोय खरोखर चांगली आहे. घरबसल्या नोंदी तपासून भरल्या तर चुका कमी होतात. सरकारी शुल्क किरकोळ आहे, पावती मिळते. कार्यालयाबाहेरचे एजंट मात्र याच कामाचे हजारात पैसे मागतात आणि महिनाभराची मुदत टाळून देतो असंही सांगतात. ती मुदत टाळण्याचा अधिकार विवाह अधिकाऱ्यालाही नाही, एजंटाला कुठून येणार?

साक्षीदार तीन लागतात, ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्यासह. तिघे ठरवले तर एक जण ऐन वेळी गळतो, आणि बहुतेक वेळा तो घरच्यांच्या दबावामुळे गळतो. पाच जण सांगून ठेवा. लग्नानंतर प्रमाणपत्राच्या दोन तरी प्रमाणित प्रती त्याच दिवशी मागून घ्या.

एवढं झालं सेवेचं. कायद्याचा एक गुण का कापला ते आता.

नोटिशीची वही कोणीही, कामाच्या वेळेत, फुकट पाहू शकतो. फलकावर दोघांची नावं, वय, व्यवसाय, पत्ते. हे 1954 साली जिल्ह्याच्या एका भिंतीपुरतं होतं. आज फलकासमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढला की तासाभरात तो गावच्या ग्रुपवर असतो. मग मुलीच्या घरी माणसं जातात, मुलाच्या दुकानासमोर गर्दी जमते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 सालीच अशा नोटिसा घरच्या पत्त्यावर पाठवणं हा खासगीपणाचा भंग ठरवला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 12 जानेवारी 2021 रोजी सांगितलं की जोडप्याने लेखी मागितलं तरच नोटीस प्रसिद्ध करावी. तो निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयांवर बंधनकारक नाही, म्हणून आपल्याकडे 30 दिवस आणि फलक दोन्ही कायम आहेत.

या तीस दिवसांचा परिणाम काय होतो? घाबरलेलं जोडपं खिडकी सोडून देतं आणि एका दिवसात लग्न लावून देणाऱ्या धार्मिक ठिकाणी जातं. तिथे अट एकच: दोघांपैकी एकाने आधी धर्म बदलायचा. कोणी कलमा पढून निकाह करतं, कोणी शुद्धी करून सप्तपदी. ज्याला धर्म बदलायचा नव्हता त्याला तो केवळ मुदतीच्या धाकाने बदलावा लागतो. लग्नासाठीचं धर्मांतर रोखायचं असेल तर पहिली दुरुस्ती इथे हवी. फलकावरची नोटीस बंद करा, अटींची पडताळणी अधिकाऱ्याने कागदांवरून करावी. ही मागणी विधानसभेत किंवा लोकसभेत मांडणं हे लोकप्रतिनिधीचं काम होतं.

ते काय मांडतात? मराठवाड्यातल्या सभांतून तीन गोष्टी पुन्हापुन्हा ऐकू येतात.

पहिली: लग्नाला आईवडिलांची संमती सक्तीची करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, 20 ते 24 वयोगटातल्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण परभणीत सुमारे 48 टक्के आणि बीडमध्ये सुमारे 44 टक्के निघालं. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास. या लग्नांपैकी बहुतेक आईवडिलांनीच ठरवलेली, मांडव त्यांनीच घातलेला. संमती होती, मुलगी सज्ञान नव्हती. आणि ज्या खिडकीवर मुलीचं वय कागदावर तपासल्याशिवाय पुढे सरकतच नाही, तिच्यावर आमदारांचा राग. तालुक्यातले बालविवाह थांबवण्यासाठी ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका धडपडतात तेव्हा हा आवाज इतका चढा का लागत नाही?

दुसरी: आंतरधर्मीय लग्न म्हणजे धर्मांतराचा डाव. फसवणूक होतच नाही असं कोणी म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. ओळख लपवून, धाक घालून केलेल्या लग्नावर इलाज कायद्यात आहे. विशेष विवाह कायद्याच्या 25 व्या कलमाखाली बळजबरीने किंवा फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून घेता येतं. फसवणूक कळल्यापासून किंवा बळजबरी संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. भारतीय न्याय संहितेचं 69 वं कलम ओळख लपवून लग्न करणाऱ्यालाही लागतं. लग्नासाठी स्त्रीचं अपहरण केलं तर 87 वं आहे. मग धर्म तोच ठेवून, महिनाभर भिंतीवर नाव लावून, सरकारी अधिकाऱ्यासमोर केलेल्या लग्नात डाव कुठे उरतो? राज्यघटनेचं 25 वं कलम प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. आपला धर्म सांभाळून वेगळ्या धर्माच्या माणसाबरोबर संसार करणं त्यातच बसतं. आमदार ज्या घटनेची शपथ घेऊन सभागृहात बसतात ती हीच.

तिसरी: अशा जोडप्यांची माहिती गोळा करा, समिती नेमा. 13 डिसेंबर 2022 च्या शासन निर्णयाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी परिवार समन्वय समिती नेमली गेली. दोनच दिवसांत त्यातून ‘आंतरजातीय’ वगळलं आणि फक्त आंतरधर्मीय राहिलं. फेब्रुवारी 2025 मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक सात जणांची समिती झाली. दुसरीकडे हेच राज्य आंतरजातीय लग्नाला समाजकल्याण विभागामार्फत 50,000 रुपये प्रोत्साहन देतं, आणि ते योग्यच आहे. ज्या शासनाने जात ओलांडणाऱ्याचा सत्कार केला, त्याने धर्म ओलांडणाऱ्याची यादी का करावी? या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही सभेत मिळालेलं नाही.

या भाषणांनी विशेष विवाह कायद्याचं एक अक्षरही बदललेलं नाही, पण खिडकीवरचा माणूस बदलतो. कारकुनाला उद्या कोणीतरी फोन करेल याची धास्ती असते. मग तो पालकांचं ना-हरकत पत्र मागतो, मुलीच्या वडिलांचा नंबर विचारतो, ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो. यातलं काहीही कायद्यात नाही. खिडकीच्या गुणांतले दोन याच कारणासाठी गेले.

अशा वेळी वाद घालू नका. मागितलेला कागद कोणत्या कलमाखाली हवा ते लेखी द्या, अशी विनंती करणारा साधा अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर शिक्का घ्या. बहुतेक ठिकाणी काम तिथेच सुरळीत होतं, कारण लेखी देण्यासारखं कलम नसतं. नाहीच झालं तर सह जिल्हा निबंधकाकडे तक्रार, सोबत तीच शिक्क्याची प्रत.

आक्षेप कोणी घेतलाच तर तो फक्त चौथ्या कलमातल्या अटींवरच घेता येतो. वहीत लिहून आक्षेप घेणाऱ्याची सही लागते. ‘आमच्या समाजाला मान्य नाही’ हा आक्षेप होत नाही. अधिकाऱ्याने 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. आक्षेप अवाजवी आणि खोट्या हेतूने घेतलेला निघाला तर तो घेणाऱ्यावर 1,000 रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. ही रक्कम 1954 पासून तशीच आहे आणि आज ती कोणालाच जड जात नाही. अधिकाऱ्याने आक्षेप मान्य करून लग्न नाकारलं तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील.

जिवाची भीती असेल तर नोटीस देण्याआधीच पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना टपालाने आणि ईमेलने कळवा. वयाचे पुरावे जोडा आणि आम्ही स्वेच्छेने लग्न करतोय हे दोघांच्या सहीने लिहा. घरच्यांनी मिसिंग किंवा अपहरणाची तक्रार दिली तर हा कागद सर्वात आधी उपयोगी पडतो. सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी प्रकरणात 27 मार्च 2018 रोजी प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करण्यास सांगितलं. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर 2024 मध्ये त्यासाठी परिपत्रक काढलं. त्याचा हवाला अर्जात द्या. तातडीला 112. जातपंचायत किंवा गावकी वाळीत टाकण्याची धमकी देत असेल तर सामाजिक बहिष्कारविरोधी 2016 चा राज्याचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड.

शेतजमीन असणाऱ्या घरांत आणखी एक धमकी चालते: ‘सातबाऱ्यावरून नाव उडेल.’ उडत नाही. हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने इतर धर्मीयाशी या कायद्याखाली लग्न केलं तर 19 व्या कलमाने ती एकत्र कुटुंबातून विभक्त मानली जाते. विभक्त होणं म्हणजे हिस्सा जाणं नव्हे. तिचा तोवरचा वाटा तिचाच राहतो. पुढची वारसदारी मात्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 प्रमाणे चालते: मृत्युपत्र नसेल तर मुलं असताना जोडीदाराला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी असतील तर 21-क कलमामुळे हे लागू होत नाही, त्यांचा नेहमीचा वारसा कायदाच राहतो. घरात वाटणीचा विषय आधीच पेटलेला असेल तर नोटिशीच्या आधी वकिलाला सातबारा आणि फेरफार दाखवून घ्या.

आमदारांच्या संपर्क कार्यालयात रहिवासी पत्रासाठी जाणारे पुष्कळ असतात. गेलात तर हे चार प्रश्न लेखी देऊन या आणि सभागृहात विचारा म्हणावं: आपल्या जिल्ह्यात सुरक्षित निवारा कोणत्या इमारतीत आहे, विशेष कक्षाचा फोन कोण उचलतो, विवाह अधिकाऱ्याचं पद भरलेलं आहे की अतिरिक्त कार्यभारावर चाललंय, आणि नोटीस भिंतीवरून कधी उतरणार.